दुखायलंय का?

मानवत गावात आमच्या गल्लीत कुणी जिवाच्या आकांतानं ओरडलं, तर धावत जायची पद्धत नव्हती. बायका हातातलं सूप न थांबवता म्हणायच्या, "गिरजाक्काच्या वट्ट्यावर असंल कोनी." परभणीहून लग्न होऊन मी त्या गल्लीत आले, तेव्हा पहिल्याच सकाळी असलं ओरडणं कानावर आलं आणि माझ्या हातून पाण्याचा तांब्या सुटला. सासूबाईंनी तांब्या उचलला नाही की मला धीर दिला नाही. नुसत्या हसल्या. "व्हईल सवं," म्हणाल्या. आणि झाली. दुसऱ्याच्या दुखण्याची सवय माणसाला फार लवकर होते, हे त्या गल्लीनं मला शिकवलं.

गिरजाक्का आमची शेजारीण, भिंतीला भिंत लागून. लिंगायत घरची विधवा. मूलबाळ नाही, दीर-जावा नाहीत, असतील तर विचारत नव्हते. उंच, हाडापेराची, बिनकाठाचं लुगडं नेसलेली, गळ्यात लिंगाची चांदीची डबी. हात मात्र पुरुषासारखे रुंद. तिच्या घरापुढं दगडी ओटा होता, ओट्यावर एक बसका काळा दगड, आणि शेजारी चुलीवर कडुनिंबाच्या पाल्याचं पाणी सदा उकळत असायचं. मानवतात आणि आसपासच्या गावांत ज्याच्या अंगाला भोक पडलं, तो त्या दगडावर येऊन बसायचा. कुणाच्या पायात ज्वारीचं धसकट घुसलेलं, कुणाला बैलानं शिंग लावलेलं, कुणाचा विळा कणसाऐवजी पिंढरीवर चाललेला, आणि कापसाच्या हंगामात जिनिंगमधल्या हमालांचे चेंगरलेले हात. परभणीला सरकारी दवाखाना होता आणि तिथं माणसं बरी होऊनही येत. पण आमच्या लोकांना दवाखान्यातल्या गोड बोलण्यापेक्षा अक्काच्या शिव्यांची खात्री जास्त होती.

तिचा एकच प्रश्न असे. "दुखायलंय का?"

"हो अक्का, लय दुखायलंय," म्हणालात, तर ती म्हणायची, "मंग जित्तं हाय. गप बस." पुरुष मंडळी मर्दुमकी दाखवायला "न्हाई तर" म्हणत. मग ती जखमेच्या कडेला अंगठा रोवायची आणि तो गडी गुरासारखा हंबरेपर्यंत काढायची नाही. "लबाडा," म्हणायची. "मानूस खोटं बोलतंय, जखम न्हाई." ही विद्या ती माहेरी बैलांवर शिकली होती. जुवानं मान सोलवटलेल्या बैलांना मलम लावता लावता तिचा हात बसला, आणि बैल बरे, ते फुशारकी मारत नाहीत, असं तिचं मत शेवटपर्यंत होतं.

पण शिव्या आणि अंगठा सोडला, तर तिचं खरं काम निवडण्याचं होतं. कुठल्या जखमेवर काय. ओली, पू वाहणारी असेल तर कोरडी पूड, कोरडी पडून तडकणारी असेल तर तूप. भाजलं असेल तर चुन्याची निवळी आणि जवसाचं तेल घोटून पांढरं करायची. गळू पिकेना तर जवसाचं पोटीस. किडे पडले तर सीताफळाचा पाला वाटून त्याचा रस. सडकं मांस खायला मोरचूद, तेव्हाचं ओरडणं मोंढ्याच्या बाजारापर्यंत जाई. आणि सगळ्यात शेवटी, कोवळी कातडी धरायला लागली की धुतलेलं तूप. काशाच्या परातीत तूप घ्यायचं, पाणी घालायचं, तळव्यानं फिरवायचं, पाणी ओतून द्यायचं, परत पाणी घालायचं. शंभरदा, म्हणायची ती. मोजत कुणीच नव्हतं. ते तूप लोण्याहून पांढरं आणि गार व्हायचं. मलम लावायची घाई करणाऱ्या घरच्यांना ती फाडून खायची. "वरून तर खड्डा बी झाकता येतोय. खालून भरू दे." वरून लवकर धरलेली जखम तिनं स्वतःच्या नखानं उघडलेली मी पाहिली आहे. माणूस बेशुद्ध पडला होता. ती त्याच्या तोंडावर पाणी मारायलाही उठली नाही, कारण तिचं काम त्याच्या पायात चाललं होतं.

तिचा दुसरा नियम पट्टीचा. पट्टी घरून आणायची, आणि ती जुनेर असली पाहिजे. धुऊन धुऊन विरलेलं, खळ गेलेलं, अंगाला लागलं तरी कळू नये असं सुती. नवं कापड चिकटतं, ओढताना नवी कातडी घेऊन येतं. पोखर्णीकडचे एक देशमुख पाठीवर काळपुळी घेऊन छकड्यातून आले. बरोबर गडीमाणसं, आणि मान राखायचा म्हणून गिरणीच्या कोऱ्या मांजरपाटाचा अख्खा तागा. अक्कानं तागा हुंगला आणि ओट्याखाली टाकला. "जुनेर आना."

देशमुखांच्या घरी जुनेर कुठलं? लुगडं जरा विटलं की गडीमाणसांना देऊन टाकायची रीत. मग बरोबर आलेल्या शेणगोठा करणाऱ्या बाईच्या अंगावरच्या लुगड्याचा पदर अक्कानं सगळ्यांसमोर टरकावला. बाई उघडी पडली म्हणून तिनं दोन्ही हात छातीशी धरले. अक्काला त्याचं सोयरसुतक नव्हतं. तो पदर नीमपाण्यात उकळून, वाळवून देशमुखांच्या पाठीला लावला. ते शिवाशिवीचं काहीतरी पुटपुटले, तशी ती म्हणाली, "तुमच्या पाठीला कळंना ते, तुमाला कसं कळायलंय?" पाठ भरली. त्या बाईला लुगडं मिळालं की नाही, कुणी विचारलं नाही. अक्कानंही नाही. मी तिला चांगली म्हणते असं कुणाला वाटू नये, म्हणून हे सांगितलं.

आणि किसनचंही सांगायला हवं. जिनिंगमधला किसन, आईचा एकुलता. त्याची दोन बोटं यंत्रात चेंगरली. अक्कानं ती धुतली, मोरचूद लावलं, आवळून बांधलं. बोटांत मांस ते किती. मोरचुदानं सडकं खाल्लं आणि चांगलंही खाल्लं, आवळलेल्या फडक्यानं उरलेलं काम केलं. हात बोटांपासून वर काळा पडत गेला. परभणीच्या दवाखान्यात मनगटाच्या वर कापला, म्हणून पोरगा वाचला. त्याची आई नंतर अक्काच्या ओट्यासमोर धुळीत बसून दिवसभर तळतळाट देत राहिली. अक्का समोर दुसऱ्याचं गळू पिळत होती. तिनं ना मान वर केली, ना बाईला हाकललं. पण दुसऱ्या दिवसापासून नवीन माणूस दगडावर बसला की ती आधी सांगायची, "एकाचा हात माझ्यानं गेलाय. पटत असंल तर बस, न्हाईतर परभनीचा रस्ता धर." हे ती गंध लावावं तितक्या रोजच्या सवयीनं म्हणायची. बोटांना मोरचूद तिनं परत कधी लावलं नाही.

असल्या बाईच्या ओट्यावर एक दिवस काशी आली.

काशी म्हणजे समोरच्या सुंदराबाईंची सून. सुंदराबाईंचं घर धान्याच्या अडतीचं, सोवळ्याओवळ्याचं, आणि सुंदराबाईंच्या जिभेला हाड नव्हतं. काशी चारठाण्याची, गोरटेली, बोलकी, हसली की डोळे बारीक व्हायचे. भाकरी करताना तव्याला डावा हात टेकला आणि करंगळीच्या बाजूनं मनगटापर्यंत चांगलाच भाजला. दोन दिवस तशीच काम करत होती. मग फोड फुटून घाण वास यायला लागला, तेव्हा सुंदराबाई तिला घेऊन आल्या. मी आमच्या ओट्यावर ज्वारी निवडत होते.

"लय सोशिक हाय आमची सून," सुंदराबाई गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाल्या. "येवढं भाजलं, पर तोंडातून हूं न्हाई का चूं न्हाई. घराण्याचं वळन असतंय ते."

अक्कानं मेलेली कातडी सोलायला घेतली. काशी रस्त्यावरच्या कोंबड्यांकडं बघत होती.

"दुखायलंय का?"

"न्हाई अक्का."

अक्कानं अंगठा रोवला. मी सूप खाली ठेवलं, कारण आता ओरडणं येणार हे ठरलेलं. आलं नाही. अंगठ्याचं नख पांढरं पडलं इतका तिनं जोर लावला. काशी तिच्याकडं बघून हसली, वडीलधाऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून हसतात तशी. अक्कानं तिची बाही वर सारली. कोपराच्या खाली एक फिकट चट्टा होता, मोठ्या रुपयाएवढा. अक्कानं बाही झटक्यात खाली ओढली.

आणि दुसऱ्या हातानं तिनं काशीच्या काखेजवळचं मऊ मांस धरून असं पिरगाळलं, की पोरगी ओट्यावरून उडालीच. त्या किंकाळीनं कोंबड्या पळाल्या.

"ही बगा तुमची सोशिक," अक्का सुंदराबाईंना म्हणाली. "सगळ्या पोरी सारख्याच. रोज घिऊन या."

सुंदराबाईंचा चेहरा पडला. सून सोशिक नाही याचं त्यांना खरंच वाईट वाटलं. मला वाटलं, काय ही दुष्ट बाई, लेकराचं कौतुकही तिला बघवलं नाही. पुढं रोजच ते चाललं. काशी आली की अक्का पट्टी सोडायची, आणि सोडता सोडता पदराआडून कुठं तरी चिमटा घ्यायची, मांडीला, दंडाला, कमरेला. पोरगी किंचाळायची. अंगावर काळेनिळे वळ घेऊन घरी जायची. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, नाजूक आहे बाई काशी, फार ओरडते.

त्याच सुमारास अक्काच्या मलमांना घाण वास यायला लागला. कुजकट, तेलकट, नाकात जाऊन बसणारा. परभणीच्या अत्ताराकडून तिनं कसलं तरी तेल मागवलं होतं आणि ते ती सरसकट सगळ्यांना चोपडायला लागली. जिला आयुष्यभर जखमेगणिक वेगळं औषध लागायचं, ती आता गळवाला, धसकटाला, खरजेला, सगळ्याला शेवटी तेच बोट लावायची. ते झोंबायचंही. आमच्या ह्यांच्या मानेवर करट झालं होतं. हे जिनिंगमध्ये मुनीम. गादीवर शेजारी कुणी बसेना, तेव्हा घरी येऊन माझ्यावर चिडले. त्या हंगामात अर्ध्या मानवताला तो वास येत होता. देवळात कीर्तनाला बसलं तरी यायचा. लोक म्हणाले, म्हातारीला भ्रम झाला.

मला कळलं ते परसात. आमचं आणि तिचं परस एकच, मध्ये छातीएवढी मातीची भिंत. दुपारी मी भांडी घासत होते आणि भिंतीपलीकडं अक्का काशीला घेऊन बसली होती.

"रगतपिती हाय तुला," अक्का म्हणाली. हवापाण्याचं बोलावं तसं.

पलीकडून मुसमुसणं ऐकू आलं.

"रडू नको. रडायचं ते वट्ट्यावर रड, हितं कामाचं बोल. तुज्या सासूला कळलं तर काय करील?"

"हाकलतील," काशी म्हणाली. तिला पक्कं ठाऊक होतं. आम्हा सगळ्यांनाच होतं. ज्याला तो महारोग झाला त्याला गावकुसाबाहेर ओढ्याकाठी झोपडं, लांबून टाकलेली भाकरी, आणि पुढं कुठल्या तरी देवळाच्या पायऱ्या. माहेरचेही दार लावून घेत.

"मंग ऐक. हात मेलाय तुजा करंगळीकडून. आता दुखायचं काम डोळ्यानं करायचं. चुलीपाशी गेली, हात बग. इळी घेतली, हात बग. लागलेलं दिसलं, की वरड. दुसरं कोनी बघायच्या आत वरड."

"मला वरडायला जमंना अक्का. येतच न्हाई तोंडातून."

"म्हून तर चिमटं काढायलेय मी. शिक."

"अन् हे तेल?"

"कडू कवठाचं. ह्या रोगाला तेवढंच हाय. येकट्या तुला लावलं तर सासू इचारील, ही अशी कामून वास मारायली? म्हून समद्या गावाला लावायलेय. वास मारू दे गाव. मरत न्हाई कोनी त्यानं."

माझ्या हातातली राख तशीच राहिली. त्या रात्री मी ह्यांच्या मानेला ते तेल स्वतः चोळलं आणि हे ओरडले तरी थांबले नाही.

पुढं एकदा मी भिंतीवरून तिला विचारलं. म्हटलं, "अक्का, एवढा जीव कशाला टाकता तिच्यावर?" माझ्या मनात होतं, ती म्हणेल, पोर गुणाची आहे, दया येते. तिनं मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "जीव? तिला हाकललं तर तिच्या हाताला कोन बघंल? अर्दवट भरल्याली जखम हाय माजी." मग जाता जाता म्हणाली, "तुमी ऐकलंय वैनी. जीभ हालली तर तुमच्या घरात कोनाला काटा जरी मोडला तरी माज्या वट्ट्याला येऊ नका."

भाजलेला हात भरला. चट्टा वाढला नाही. तेलानं म्हणा, नशिबानं म्हणा, मला सांगता येणार नाही. काशी ओरडायलाही शिकली. विळीचं नुसतं टोक लागलं तरी "आई गं" म्हणायची, आणि सुंदराबाई कपाळाला हात लावायच्या. "सोशिक म्हून आनली, ही तर काचंचं भांडं निघाली." हे ऐकून अक्का ओट्यावर हसायची. तिला हसताना मी तेव्हाच पाहिलं.

मग काशीच्या दिराचं लग्न निघालं. बांगड्या भरायला सुंदराबाईंच्या अंगणात कासार बसला आणि गल्लीतल्या सगळ्या सवाशिणी जमल्या. अक्का अर्थातच नव्हती. ती रस्त्यापलीकडं आपल्या ओट्यावर पाठ फिरवून बसली होती, शुभकार्यात विधवेनं तोंड दाखवू नये म्हणून. काशीचा हात कासाराच्या हातात होता, पुढचा नंबर माझा. कासार हात दाबून दाबून बांगडी चढवत होता. डाव्या हातात दोन हिरव्या चढल्या होत्या. काशी माझ्याकडं वळून बसली होती. धाकटी जाऊ कशी दिसते, ते मला सांगत होती. नाक कसं, केस केवढे. आनंदात होती पोरगी, आणि आनंदात माणूस हाताकडं बघत नाही.

तिसरी बांगडी तडकली. काच करंगळीखाली घुसली आणि कासाराच्या गुडघ्यावर रक्ताची धार लागली.

"केस तर असे लांब हायेत वैनी," काशी म्हणत होती.

कासारानं हात सोडला. "बाई, लागलं का वो?"

"न्हाई तर," काशी म्हणाली, तोंड माझ्याकडंच. मग तिनं माझा चेहरा पाहिला.

सुंदराबाई "सोशि..." म्हणाल्या आणि मध्येच थांबल्या. त्या सुनेच्या हाताकडं बघत होत्या, आणि मला वाटतं, लग्नानंतर पहिल्यांदाच नीट बघत होत्या. एक म्हातारी पुढं सरकली. "आगं बया. येवढी काच आत गेली अन् हिला..."

तिचं वाक्य पुरं व्हायच्या आत अक्का अंगणात होती. सवाशिणींच्या मधून, लुगडी तुडवत, पांढऱ्या लुगड्यातली ती बाई सरळ आत आली. तिनं काशीच्या थोबाडीत अशी दिली, की पोरगी कोलमडली. "सटवे! वल्या जखमंवर बांगड्या भरू नको म्हनलं होतं का न्हाई?" आणि तिचा डावा हात धरून तिनं तो अंगणातल्या उखळाच्या दगडावर आपटला. एकदा, परत एकदा. उरलेल्या दोन्ही बांगड्यांचा चुरा झाला. काशी किंचाळली. तशी किंचाळी अक्काच्या ओट्यावरूनही कधी आली नव्हती.

मग एकच गिल्ला झाला. विधवेनं सवाशिणीच्या बांगड्या फोडल्या, तेही लग्नघरात! कुणी तिचे केस धरले, कुणी पाठीत लाथ घातली. सुंदराबाई तिच्या तोंडावर थुंकल्या. "रांडमुंडे, माज्या लेकाच्या मरनावर टपलीस का गं?" तिला ओढत रस्त्यावर टाकलं. ती पडल्या जागेवरून काशीकडं बघत होती. काशी रडते की नाही, एवढंच बघत होती.

दिवेलागणीपर्यंत मानवतभर गोष्ट झाली ती अशी: गिरजाक्कानं बांगड्या फोडल्या, त्याची काच घुसली आणि पोरीच्या हाताला रक्त आलं. आधी काय, नंतर काय, हे कुणाच्याच लक्षात राहिलं नाही. ती म्हातारीसुद्धा तसंच सांगत फिरत होती. मी ऐकत होते आणि होकाराची मान हलवत होते.

गावानं अक्काला वाळीत टाकलं. लिंगायतांच्या जंगमानं तिचा उंबरा सोडला, पाणक्यानं पाणी भरणं. ओट्यावरचा काळा दगड एका सकाळी उपटून नाल्यात फेकलेला दिसला. फेकणारे कोण, तर त्याच दगडावर बसून ज्यांचे पाय भरले होते ते. पोखर्णीच्या देशमुखांनी निरोप पाठवून पंचांना शाबासकी दिली म्हणे. किसनच्या आईनं मारुतीला नारळ फोडला. तिचा मला राग आला नाही, इतरांचा अजून आहे.

तेल मात्र थांबलं नाही. करवंटीत घातलेलं तेल परसाच्या भिंतीवर असायचं. काशी आमच्याकडं ताक न्यायला यायची आणि हाताला चोळून जायची. एकदा ती भिंतीशी उभी राहून रडत होती.

"आत्याबाई म्हनत्यात, रोज सकाळी दारात उभं राहून शिव्या दे तिला. मला जमंना अक्का."

"जमंल," भिंतीपलीकडून आवाज आला. "वरडायला जमलं न्हाई का? आन् पुटपुटू नको. गल्लीला ऐकू आलं पायजे."

आणि काशी द्यायला लागली. रोज सडा टाकताना, समोरच्या ओट्याकडं तोंड करून, खणखणीत. अक्का ओट्यावर बसून ऐकायची. कुणी येणारं नव्हतं, तरी परात पुढं घेऊन तूप धुवायची.

मग आमचं मानवतातलं शेवटचं वर्ष आलं. निजामाच्या राज्याची घडी विस्कटली होती, गावोगाव धास्ती होती, आणि पुष्कळ लोक बायकामुलं घेऊन हद्दीपलीकडं निघाले होते. आमचंही ठरलं. सकाळी गाडी दारात लागली, सामान चढलं. गल्ली दारादारांत उभी होती, जाणाऱ्यांकडं बघत. सुंदराबाई उंबऱ्यात. काशी अंगणातल्या चुलाण्यावरून अंघोळीच्या पाण्याचं घंगाळ उतरवत होती. अक्का ओट्यावर, परातीत तळवा फिरत होता.

काशीनं घंगाळ धरलं आणि मला हाक मारायला मान वर केली. कड कलली. आधणाचं पाणी डाव्या हातावरून वाहत खाली गेलं. काशी माझ्याकडं बघून म्हणाली, "वैनी, आता कवा..."

अक्काचा तळवा थांबला. ती उठू शकत नव्हती. आता तिनं रस्ता ओलांडला असता तर लोकांनी तिला ठेचलंच असतं, आणि तिनं काय केलं हे कुणीतरी या वेळी नीट बघितलं असतं. सुंदराबाईंची नजर सुनेच्या हाताकडं वळत होती. मी गाडीचा खुंट धरून उभी होते. अक्का बसल्या जागी नुसती बघत होती. तिचे ओठ दाबलेले होते, आणि तिच्या चेहऱ्यावर भीती मी पहिल्यांदा आणि शेवटचीच बघितली.

काशीचे डोळे खाली गेले. हात दिसला.

ती अशी ओरडली, की आमचे बैल बिथरले. गाडीवानानं शिवी हासडली. "आली का पुन्ना नाजूकपना करायला!" सुंदराबाई करवादल्या आणि आत वळल्या. काशी लाल झालेला, न दुखणारा हात छातीशी धरून हमसून हमसून रडत होती. रडता रडता तिनं समोरच्या ओट्याकडं तोंड करून आवाज चढवला, "त्या रांडमुंडीचं तोंड बघितलं की असंच व्हतंय!"

परातीतला तळवा परत फिरायला लागला.

मी पाया पडायचं निमित्त करून ओट्यापाशी गेले; गाव सोडणाऱ्याला वाळीत कोण टाकणार? गल्ली बघत होती, म्हणून अक्कानं मान वर केली नाही. पळसाच्या पानात पांढऱ्या तुपाचा गोळा तिनं तेवढ्यात बांधून ठेवला होता, तो पायानं माझ्याकडं सरकवला. "आधी निवळी लाव म्हनावं, तीन रोज. मंग हे. भितीवर ठिवून जा. तुमचं परस आता मोकळंच ऱ्हानार, पोरगी येऊन निईल."

मी परसात जाऊन भिंतीवर ते पान ठेवलं, वर खापरी झाकली, आणि काशीचा निरोप घेताना तिच्या कानात निवळीचं सांगितलं. परत आले तेव्हा हे गाडीत बसून खोळंबले होते. मी अक्काकडं बघितलं. ती काशीकडं बघत होती. पोरगी अजून रडत होती.

"उशीर केला आज," अक्का म्हणाली. "पर वरडली."